हात न लावता मोजलेली गाडी

जावई म्हणून माणसाचं जे कोडकौतुक होतं म्हणतात, ते आपल्या या जावयाचं कधी झालं नाही. सासऱ्यांच्या गाडीत त्याची जागा मागच्या सीटवर मधोमध, जिथं खाली उंचवटा असतो आणि गुडघे हनुवटीला लागतात तिथं. लग्नाला आठ वर्षं झाली, जागा तीच. पुढं सासूबाई, मागं खिडक्यांपाशी बायको आणि मेहुणा, मध्ये हा. दार उघडायचं सासऱ्यांनी, लावायचंही सासऱ्यांनीच. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून बसायचं आणि तसंच उतरायचं. गाडीला बाहेरून कुणी हात लावायचा नाही हा त्या घरातला पहिला नियम होता. दुसरा करायची वेळच आली नाही, पहिला पाळता पाळताच सगळे दमत.

गाडी एकतीस वर्षांची, गडद हिरवी. सासरे ती स्वतः धुवायचे, स्वतः पुसायचे, आणि पाहुणा दिसला की म्हणायचे, 'कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग आहे. ब्रश नाही की फवारा नाही.' पाहुणा कौतुकानं बोट पुढं करायचा आणि सासरे मध्ये येऊन उभे राहायचे. बोट बिचारं हवेतच राहायचं.

माणूस सरळ, यात वाद नाही. वजनमापं निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली. दुकानादुकानांतून काटे तपासले, मापं तपासली, खोटं निघालं ते जप्त केलं. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत, आणि ते ऐकून त्यांना बरं वाटे. निवृत्त झाल्यावरही दुकानात गेले की आधी काट्याच्या बुडाखाली वाकून बघत आणि मग वर दुकानदाराकडं बघत. अशा माणसाला जावई मिळाला तो रंगाच्या कारखान्यातला. मोटारींना लावायचे रंग तपासण्याची तिथं एक खोली आहे, त्या खोलीत हा काम करतो. सासरे लोकांना सांगत, आमचे जावई रंग वाळताना बघत बसतात आणि त्याचा पगार घेतात. लोक हसत, जावईही हसे. काय करणार, मुलगी त्यांचीच ना.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सासऱ्यांना जुन्या गाड्यांच्या क्लबाचा शोध लागला. ज्या गाडीचा रंग मुळातलाच आहे तिला हा क्लब पितळेचा एक बिल्ला देतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. अट एकच, रंग मुळातला असल्याचा प्रयोगशाळेचा कागद पाहिजे. सासरे आधी एका गॅरेजात गेले. तिथल्या माणसानं पेनाएवढं एक यंत्र काढलं आणि त्याचं टोक दाराला टेकवायला हात पुढं केला. तो टेकायच्या आत सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं. म्हणाले, मोजा, पण टेकवू नका. तो म्हणाला, न टेकवता मोजायला मी काय जादूगार आहे का? सासरे गाडी घेऊन तसेच परतले.

रात्रीच्या जेवणाला जावयाच्या तोंडून गेलंच. जे तोंडून जायला नको ते नेमकं घास आणि पाणी यांच्या मधल्या फटीतून जातं. तो म्हणाला, आमच्याकडं तसलं यंत्र आलंय, हात न लावता मोजतं.

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा जावयाला त्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारले. जावयानं सांगितलं. डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो, टेराहर्ट्झ म्हणतात त्याला. रंगाच्या आत तो शिरतो. रंगाला थर असतात. मोटार कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या अंगावर चार थर असतात, सगळ्यात खाली गंजाला अडवणारा, त्यावर प्रायमर, मग रंग, वर चकाकी. चारही मिळून दीड केसाएवढे जाड. प्रत्येक थराच्या सीमेवरून थोडा थोडा प्रकाश परत फिरतो, एक आधी, दुसरा मागून, तिसरा त्याच्या मागून. सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा हजार करा, एवढ्याशा उशिरावरून यंत्र सांगतं की थर किती आणि कोणता किती जाड. यंत्राचं डोकं गाडीपासून वीतभर लांब असतं.

'म्हणजे कुणी काही लपवलं असेल तर?' सासऱ्यांनी विचारलं.

'लपत नाही,' जावई अभिमानानं म्हणाला.

टेबलाभोवतीचे तिघं जण एकाच वेळी जेवायचे थांबले. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

शनिवारी दुपारी खोली रिकामी असते, तेव्हा गाडी आणायची असं ठरलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे त्याच्या साहेबांनी, परवानगी दिली, पण एक गोष्ट बजावून. कागदावर सही तुझी, शिक्का खोलीचा. आदल्या वर्षी एकानं ओळखीच्या माणसासाठी एक आकडा जरासा खाली लिहिला होता. बाईंनी त्याला आठवड्यात घरी पाठवला. जावयाला ते चांगलंच आठवत होतं, कारण त्याची खुर्ची आता याच्याकडं होती.

बुधवारी संध्याकाळी बायको म्हणाली, एक सांगायचंय, आधी दार लाव. मग तिनं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी, गाडी शिकत असताना, डावीकडचं मागचं दार तिनं एका भिंतीला घासलं होतं. बाबा तेव्हा गावाला गेले होते. कोपऱ्यावरच्या पेंटरकडं जाऊन दोन दिवसांत रंगवून घेतलं. पेंटर इतका भला की त्याच्याकडं नेमक्या त्याच हिरव्याचा डबा तयार होता. बायकोचं म्हणणं एवढंच, की ते एक दार मोजू नकोस.

गुरुवारी मेहुण्यानं फोन केला आणि आधी तीन मिनिटं तब्येत विचारली. तेव्हाच काय ते समजायचं. सहा वर्षांपूर्वी एका मुलीला भेटायला तो न विचारता गाडी घेऊन गेला आणि मागं घेताना डिकी दिव्याच्या खांबावर आपटली. मुलीनं पुढं दुसऱ्याशी लग्न केलं, डिकी मात्र कोपऱ्यावरच्या पेंटरनं झकास केली. रंग तयारच होता म्हणे. 'भाऊजी, डिकी तेवढी सोडा,' मेहुणा म्हणाला.

शुक्रवारी सासूबाई स्वतः आल्या. घरी नाही, थेट कारखान्याच्या फाटकाशी. रुमालात गुंडाळलेली पाण्याची बाटली हातात, आणि चेहरा असा की जावयाला वाटलं घरात कुणी गेलं. त्या बाकावर बसल्या आणि एकदम म्हणाल्या की पुढचं डावं मडगार्ड आपण ठोकलंय. अठरा वर्षं झाली. मुलाला ताप भरला होता, सासरे दौऱ्यावर होते, म्हणून सासूबाईंनीच गाडी काढली, डॉक्टरकडं नेलं, आणि परत येताना दगडाच्या कठड्याला लावली. पेंटरनं नीट केलं. पण त्या दिवसापासून त्या स्टिअरिंगमागं बसल्या नाहीत. मला भीती वाटते, असं सगळ्यांना सांगितलं. गाडीसोबत घरात जितके फोटो आहेत तितक्यांत त्या मडगार्डापुढं उभ्या आहेत.

'ते काही बोलणार नाहीत हो,' त्या म्हणाल्या. 'ओरडले असते तर मी केव्हाच सांगितलं असतं. ते नुसते बघतील. खोटं माप सापडल्यावर बघायचे ना दुकानदाराकडं, तसे.'

जावई रात्रभर कूस बदलत राहिला. खरं लिहावं तर घराचं वाटोळं, खोटं लिहावं तर नोकरीचं. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हेच. पहाटे त्याला युक्ती सुचली. नियमाप्रमाणे गाडीवर नऊ जागा मोजायच्या असतात, पण कोणत्या नऊ ते मोजणाऱ्यानं ठरवायचं असतं. नियमच तसा. टप, उजवीकडची दोन्ही दारं, उजवी मडगार्डं, आणि उरलेली चार मापं सगळ्यात निर्धोक जागी. गाडीत निर्धोक जागा एकच, बॉनेट. त्याच्या आसपास तर सासरे घरच्यांची सावली पडू देत नसत. नऊ जागा, नऊ खरे आकडे, खोटं एक अक्षर नाही. आपण हुशार आहोत असं त्याला फार दिवसांनी वाटलं आणि तो घटकाभर झोपला.

शनिवारी सगळं घर आलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण प्रत्येकाला डोळ्यांसमोर असावंसं वाटत होतं. गाडी खोलीत घेतली. यंत्राचं डोकं एका लांब दांड्यावर बसवलेलं, तो दांडा हळूहळू पुढं सरकायचा आणि वीतभर अंतरावर थांबायचा. सासरे जवळ जाऊन वाकले तेव्हा जावयानं त्यांना मागं व्हायला सांगितलं, श्वासातली वाफ या प्रकाशाला चालत नाही. सासऱ्यांना हे फार आवडलं. ज्या यंत्राला माणसाचा श्वाससुद्धा खपत नाही ते त्यांना आपल्या जातीचं वाटलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

टप, चार थर, एकशे दहा मायक्रॉन. सासऱ्यांची मान ताठ झाली. उजवं पुढचं दार, चार थर, एकशे बारा. मागचं दार, एकशे अकरा. उजवी मडगार्डं, दोन्ही चोख. प्रत्येक आकड्याला सासरे हळूच मान हलवत आणि घरच्यांकडं वळून बघत. घरचे उगाच छताकडं बघत. जावयानं मग दांडा फिरवला आणि निवांत मनानं बॉनेटवर आणला.

पडद्यावर चार टोकं उमटायची, तिथं आठ उमटली. चारशे बारा मायक्रॉन.

 जावयानं दांडा चार बोटं सरकवला. पुन्हा आठ. खाली कारखान्याचे चार थर, त्यांच्यावर पुट्टी, पुट्टीवर पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग, पुन्हा चकाकी. पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ चित्र होतं.

'यंत्र बिघडलंय,' सासरे म्हणाले.

जावयाला ही संधी होती. हो म्हणाला असता तर सुटला असता. पण सासऱ्यांच्याच तोंडून पुढचं वाक्य सवयीनं निघून गेलं. चौतीस वर्षं जे प्रत्येक दुकानात म्हटलं तेच ते म्हणाले, की प्रमाण आणा, प्रमाणाशी ताडून बघा. खोलीत प्रमाण असतंच. काचेच्या पेटीत ठेवलेली एक पट्टी, तिच्यावरच्या थराची जाडी आधीच ठरलेली, शंभर मायक्रॉन. जावयानं ती यंत्राखाली धरली. पडद्यावर आलं शंभर. सासरे म्हणाले, पुन्हा. पुन्हा शंभर. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. ज्या मापानं प्रमाणाशी जमवून दाखवलं त्याला खोटं म्हणायची त्यांची जीभ नव्हती. ते पट्टीकडं बघत उभे राहिले.

मग जे झालं ते त्या खोलीनं कधी पाहिलं नसेल. बायकोनं भावाकडं डोळे वटारले, भावानं बहिणीकडं. दोघांना वाटलं की दुसऱ्यानं बॉनेटही ठोकलंय आणि सांगितलं नाही. सासूबाईंना वाटलं की दोघांपैकी एक पोर आता सापडणार. आई ती आईच. त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या की बॉनेट मी ठोकलं. मुलाला ते सहन होईना. तो म्हणाला, आई, तू कशाला, डिकी ठोकली ती मी. डिकीचं नाव कुणी काढलंही नव्हतं. तेव्हा बहीण रडत म्हणाली की मग माझं मागचं दारही सांगून टाका, आणि सासूबाईंच्या तोंडून निसटलं, मडगार्ड राहिलं की. दोन मिनिटांत डावी बाजू अख्खी उघडी पडली. जावयानं पहाटेपर्यंत जागून जे तीन डाग चुकवले होते, ते तिघांनी आपल्या हातांनी त्याच्या टेबलावर आणून ठेवले.

सासरे ऐकत होते. तोंडावरचा रुमाल तसाच होता. त्यांनी खरंच कुणावर आवाज चढवला नाही. जावई त्यांच्याकडं बघायला धजेना, म्हणून फॉर्म पुढं ओढला. त्यात बॉनेटसमोर एक रकाना होता, पुन्हा रंगवण्याचं कारण, माहीत असल्यास. पेन हातात धरून त्यानं सासूबाईंना विचारलं की बॉनेट नक्की केव्हा ठोकलं. त्या गडबडल्या. म्हणाल्या, असेल वीसेक वर्षांपूर्वी, तुम्ही लिहा हो काहीतरी.

'काहीतरी लिहू नका,' सासरे म्हणाले. त्यांनी रुमाल खाली घेतला. 'तिनं नाही ठोकलं. बॉनेट माझं.'

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, दुकानदार खालच्या मानेनं सांगतो तसं. गाडी घेतली त्याच्या चौथ्या दिवशी. सासूबाई माहेरी गेल्या होत्या. समोरून ओळखीचा माणूस आला, त्यानं हात केला, यांनीही ऐटीत हात केला, आणि गाडी सरळ घराच्या फाटकावर. त्या परत यायच्या आत कोपऱ्यावरच्या पेंटरकडून करून घेतली. हिरव्याचा डबा तोच, उरला तो पेंटरकडंच राहिला. पुढं लोक कौतुकानं बोट फिरवायला लागले. डोळ्यांना नाही, पण बोटाला पुट्टीची कड लागत होती. म्हणून बॉनेटला हात लावायचा नाही असं म्हटलं. मग नुसत्या बॉनेटचंच कसं म्हणणार, लोकांना संशय येईल, म्हणून सगळ्या गाडीला.

मेहुण्याला हसू आलं आणि त्यानं ते खोकला म्हणून काढलं. बायको ओठ दाबून यंत्राकडं वळली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

'अठरा वर्षं,' त्या म्हणाल्या. 'अठरा वर्षं माझ्या जिवाला घोर. तापलेल्या पोराला डॉक्टरकडं नेलं मी, आणि चोरासारखी वागले. आणि तुम्ही त्याच्या आधीच...'

'चूक झाली,' सासरे म्हणाले.

एवढंच. पण त्या घरात हे दोन शब्द सासऱ्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, त्यामुळं ते पुरले की नाही हे कुणालाच ठरवता येईना. सासऱ्यांनी जावयाच्या हातातला फॉर्म वाचला आणि तो त्याच्यासमोर ठेवला. नऊ काय मोजता, म्हणाले, सगळी मोजा. मडगार्ड मोजा, दार मोजा, डिकी मोजा, आणि आहे ते लिहा. जावयानं मोजलं. मडगार्ड तीनशे साठ, दार दोनशे चाळीस, डिकी तीनशे. कारणाच्या रकान्यात त्यानं चौघांचीही कारणं लिहिली, एकाला फोडणी न देता. खाली सही केली. सासऱ्यांनी शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, 'जावईबापू, काम चोख आहे तुमचं.' जावयानं यंत्र बंद केलं.

बिल्ला गेला हे उघडच होतं. सासरे गाडीकडं वळले, नेहमीप्रमाणे एकेकाचं दार उघडायला. सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढं केला आणि किल्ली मागितली.

सासऱ्यांनी एकदा किल्लीकडं पाहिलं, एकदा गाडीकडं. मग किल्ली दिली. सासूबाईंनी दार स्वतः उघडलं, सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीला केला, आणि जावयाला शेजारी पुढं बसायला सांगितलं. फाटक उघडायला कुणीतरी ओळखीचं असलेलं बरं, म्हणाल्या. जावई बसला आणि पाय लांब केले. मागं बायको आणि मेहुणा खिडक्यांपाशी आपापल्या जागी, आणि मध्ये उंचवट्यावर सासरे, गुडघे हनुवटीशी.

अठरा वर्षांनी गाडी सुरू करताना सासूबाईंचे खांदे कानापर्यंत गेले होते. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. कारखान्याचं फाटक अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी खांब. तिथं येऊन त्यांनी गाडी थांबवली, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, पुन्हा डावीकडं पाहिलं. मागं एक ट्रक येऊन उभा राहिला आणि भोंगा वाजवायला लागला. सासूबाईंचे हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट धरलेले.

मधल्या जागेवरून सासरे पुढं वाकले.

'घे गं,' ते म्हणाले. 'लागली तर लागली.'